टेक्नोला नाचायला जाताय? आधी कान सांभाळा

टेक्नो म्हणजे एकसारख्या ठोक्यांचं इलेक्ट्रॉनिक नाचसंगीत. ठोके मिनिटाला साधारण १२० ते १४०, आणि त्यातला बेस, म्हणजे खालचा घुमणारा आवाज, कानाआधी छातीत, पोटात जाणवतो. मजा त्यातच आहे! फक्त स्पीकरला चिकटून उभं राहू नका. १०० डेसिबलला सुरक्षित वेळ जेमतेम १५ मिनिटं धरतात, आणि आतल्या कानातल्या आवाज टिपणाऱ्या केसपेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत. कापसाचे बोळे जवळजवळ निरुपयोगी. संगीतासाठीचे फिल्टरवाले इअरप्लग घ्या. घालताना दुसरा हात डोक्यामागून नेऊन कान वर ओढा, प्लग नीट बसतो. गोव्यात हणजुण्याला (अंजुना) पहाटेपर्यंत नाचल्यावर माझ्या कानांत दोन दिवस रातकिडे किरकिरत होते. तेव्हापासून प्लगची डबी किल्ल्यांच्या जुडग्यालाच अडकवलीय.