भिंतीवर मराठी अक्षरं लावताय? या चुका टाळा

अमळनेरला मावसभावाची वास्तुशांत होती. हॉलमध्ये लावायला ‘आमनं घर’ अशी अक्षरं व्हायनिलमध्ये, म्हणजे मागे गोंद असलेल्या प्लास्टिकच्या शीटमध्ये, कापून आणली. मागचा कागद सोलला, तर शिरोरेषा जागोजागी चिरलेली. शिवाय दुकानदाराला अहिराणी चुकीची वाटली असावी, त्यानं ‘आमनं’चं ‘आमचं’ करून टाकलं होतं. शब्द बदलला त्यात आमचाही दोष, प्रूफ बघितलंच नाही. चिरलेली शिरोरेषा मात्र घरोघरी दिसते, म्हणून आधी ती.

फॉन्टमधलं बहुतेक प्रत्येक अक्षर आपापला शिरोरेषेचा तुकडा डोक्यावर घेऊन येतं आणि शेजारशेजारचे तुकडे एकमेकांवर जरासे चढतात. स्क्रीनवर ते कळत नाही, छापतानाही नाही. पण व्हायनिल कापणाऱ्या मशीनचं, म्हणजे प्लॉटरचं पातं काय किंवा लेझर काय, चालतं ते कडेच्या रेघेवरून. तुकडा जिथे चढलाय तिथे काप बसणारच. म्हणून टेक्स्टचं कर्व्ह (म्हणजे अक्षरांचे नुसते आकार) करून सगळा शब्द ‘वेल्ड’ करायला, म्हणजे तुकडे जोडून एकसंध करायला सांगा. दुकानदार वापरतात त्या कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये कमांड याच नावानं आहे. मग वायरफ्रेम, म्हणजे नुसत्या कडेच्या रेघा दाखवणारं दृश्य, उघडून बघा. शिरोरेषेत एक जरी उभी रेघ दिसली तरी काम परत करायला लावा.

वेल्ड करूनही अनुस्वार सुटाच राहतो. व्हायनिलला सगळी अक्षरं जागच्या जागी धरून भिंतीवर नेणारी ट्रान्सफर टेप असते, तिथे भागतं. लाकडात किंवा अॅक्रिलिकमध्ये तो ठिपका वेगळा हातात येतो, आणि वास्तुशांतीच्या गडबडीत हरवला की ‘आनंद’चं ‘आनद’ होतं. मागे पट्टी देऊन सगळं त्यावर चिकटवून घ्या, नाहीतर ठिपक्याला खालून बारीक दांडी जोडा.

इंग्रजी पाट्या बघून अक्षरांत मोकळी जागा सोडायचा मोह होतो. देवनागरीत त्यानं शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे पडलेल्या दातांसारखे तुकडे दिसतात. जागा भरायचीच असेल तर अक्षर मोठं करा. शब्द उभा लिहायचा असेल तर ‘स्वा’, ‘ग’, ‘त’ असा तोडा; काना किंवा वेलांटी एकटी खालच्या ओळीत ढकलू नका.

आडनावाची पाटी असेल तर ‘चौधऱ्यांचा वाडा’मधला ऱ्या नीट बघा. साधा र टाइप केला की बऱ्याच फॉन्टांत रफार चढतो आणि ‘चौधर्यांचा’ होतं. ऱ टाइप करायला सांगा. ‘आशीर्वाद’मधला शी दीर्घ असतो, हेही ऑर्डर देतानाच सांगितलेलं बरं. मजकूर कृतीदेवसारख्या जुन्या फॉन्टात टाइप केलेला असेल, तर तो फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर भलतीच चिन्हं उमटतात. युनिकोडमध्येच द्या.

आता भिंत. तळहात फिरवून बघा. पांढरी भुकटी लागली तर त्या चुन्यावर किंवा डिस्टेंपरवर स्टिकर टिकणार नाही. त्यापेक्षा स्टेन्सिल ठेवून ब्रशनं रंगवा. स्टेन्सिलमध्ये व, ब यांच्या पोटाला पूल ठेवावे लागतात, नाहीतर पोटातला तुकडा गळून पडतो. नवा रंग दिला असेल तर तीन-चार आठवडे थांबा.

आणि आपल्याकडचा उन्हाळा! जळगाव-भुसावळला पारा ४५च्या पुढे जातो, दुहेरी टेप मऊ पडते आणि पश्चिमेच्या भिंतीवरची पाटी एखाद्या दुपारी धाडकन खाली येते. बाहेर स्क्रूच मारा. अॅक्रिलिक उन्हात फुगतं, म्हणून भोक स्क्रूपेक्षा जरा मोठं ठेवा. घरात कूलरच्या दमट झोतासमोर एमडीएफची (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या बोर्डाची) अक्षरं लावू नका. आमच्याकडे मे महिन्यात लावलेल्या ‘घर’चा घ जूनपर्यंत कडेनं पापडासारखा फुगला होता.

दुसऱ्या वेळी आम्ही शहाणे झालो. शब्द पूर्ण मापात कागदांवर छापला, जोडून भिंतीला चिकटवला आणि दोन दिवस तसाच ठेवला. मावशीनं चष्मा न लावता दारातूनच ‘आमनं घर’ वाचलं, तेव्हा ऑर्डर दिली.