द्राक्षांचे फायदे हवेत? या चुका टाळा

मार्च उजाडला की नाशिकमध्ये रस्त्याकडेला द्राक्षांचे क्रेट लागतात आणि मोबाइलवर 'मस्कॅडाइनचे फायदे' फिरू लागतात. ते वाचून लोक थॉमसन, म्हणजे आपली नेहमीची हिरवी बिनबियांची द्राक्षं, दोन किलो घेऊन घरी. बाबांनो, मस्कॅडाइन ही जातच वेगळी. ती अमेरिकेच्या आग्नेय भागातली, जाड सालीची, बियांची. तिच्या 100 ग्रॅममध्ये तंतू सुमारे 4 ग्रॅम, आपल्या थॉमसन-सोनाकात जेमतेम 1. नाव सारखं वाटलं तरी मस्कट म्हणजेही मस्कॅडाइन नव्हे. मस्कट आपल्या थॉमसनच्याच प्रजातीतलं. सालीतला जांभळा रंग हवा असेल तर शरद किंवा जम्बो ही काळी द्राक्षं घ्या. साल थुंकायची असेल तर तेही नको.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे रस. प्रसंग घरोघरी तोच. आजोबांना मधुमेह, डॉक्टर म्हणाले फळं खा. सूनबाई प्रेमाने साडेतीनशे ग्रॅम द्राक्षं मिक्सरला लावते, साल गाळणीवर राहते, ती कचऱ्यात. खाली ग्लासभर गोड पाणी, त्यात साखर 40 ग्रॅमच्या आसपास. आजोबा दोन घोटांत संपवतात, मग मीटरवरचा आकडा बघून दोष द्राक्षाला! चावायचा कंटाळा, दुसरं काय. डॉक्टरांची हरकत नसेल तर 15 मणी मोजून वाटीत घ्या, सोबत मूठभर शेंगदाणे, आणि सावकाश चावा. साखर 12-13 ग्रॅमवर थांबते.

दुसरी खोड म्हणजे आणल्या आणल्या सगळे घड धुऊन फ्रिजमध्ये कोंबणं. मण्यावरची पांढुरकी झाक बहुतेक वेळा फवारणीची नसते, ते वेलीचंच मेण असतं. ते चोळून काढलं आणि देठाशी ओल राहिली की चार दिवसांत बुरशी. घड न धुता, कागद घातलेल्या भोकाच्या डब्यात ठेवा. खायचे तेवढेच काढून लिटरभर पाण्यात दोन सपाट छोटे (चहाचे) चमचे खायचा सोडा घाला, 12 मिनिटं बुडवा, मग नळाखाली धुवा. वरचं औषध बरंचसं जातं. सालीच्या आत मुरलेलं जात नाही.

रेझवेराट्रॉल, म्हणजे द्राक्षाच्या सालीतला हृदयासाठी चांगला म्हणून गाजवलेला घटक, त्याचं नाव काढून वाइन पिऊ नका. लिटरमागे ते काही मिलिग्रॅमच असतं. प्यायची तर चवीसाठी प्या.

बेदाणे मूठभर म्हणजे द्राक्षांची मोठी वाटी, हे विसरू नका.

पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खा मणी देऊ नका, घशात अडकतो. उभा चिरून चार फोडी करा. कुत्र्याला द्राक्ष किंवा बेदाणा, एकही नको. मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.