पाटीवर ‘इंडिका’ लिहिताना या चुका टाळा

‘इंडिका’ हा शब्द बहुतेकांच्या तोंडी बसला तो टाटांच्या गाडीमुळे. पण मुळात ते वनस्पतींच्या शास्त्रीय नावांत येणारं, ‘भारताची’ अशा अर्थाचं लॅटिन विशेषण आहे, आणि बागेतल्या पाट्यांवर, हर्बेरियमच्या (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाच्या) कागदांवर त्याचे हाल होतात.

सर्वांत जास्त चुका लिंगात होतात. ‘पिकला, पिकली, पिकले’ ही रूपं आपण जशी नामाप्रमाणे बदलतो, तसंच इथे पुल्लिंगी इंडिकस, स्त्रीलिंगी इंडिका, नपुंसकलिंगी इंडिकम. म्हणून उपळसरी हेमिडेस्मस इंडिकस, आंबा मँजिफेरा इंडिका आणि तीळ सेसॅमम इंडिकम. मराठी लिंग इथे कामाचं नाही. आंबा आपल्याकडे ‘तो’, पण मँजिफेरा ‘ती’च.

खरी फसगत होते चिंचेपाशी. शेवटी ‘अस’ दिसला की लोक ‘टॅमॅरिंडस इंडिकस’ लिहून मोकळे! लॅटिनमध्ये झाडांची ‘अस’ने संपणारी नावंही परंपरेने स्त्रीलिंगी चालतात, म्हणून टॅमॅरिंडस इंडिका. पिंपळ फायकस रिलिजिओजा आणि उंबर फायकस रेसिमोजा, तेही त्यामुळेच. शंका आली तर त्याच प्रजातीतली (जीनस, म्हणजे नावातला पहिला शब्द) इतर नावं पाहावीत.

प्रजाती बदलली की शेवटही बदलतो. टेटू या झाडाला वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये बिग्नोनिया इंडिका म्हटलं. पुढे तो ओरोझायलममध्ये गेला आणि इंडिकम झाला. तरी ‘ओरोझायलम इंडिका’ अधूनमधून दिसतंच. अशा चुकीने नाव बाद होत नाही, नियमाप्रमाणे फक्त शेवट दुरुस्त करायचा.

आता अर्थ. ‘इंडिका’ आहे म्हणजे झाड मूळ भारतातलं, हे धरून चालू नका. कर्दळ (कॅना इंडिका) अमेरिकेतली, चिंच आफ्रिकेतली. युरोपीयांचं ‘इंडीज’ पूर्वेलाही होतं आणि पश्चिमेलाही. चिंचेच्या नावात तर भारत दोनदा आलाय, कारण टॅमॅरिंडस आलं अरबी ‘तमर हिंदी’वरून, म्हणजे हिंदुस्थानी खजूर. विशेषणाचं मूळ मात्र थेट सिंधू नदीत आहे: सिंधूचं प्राचीन फारसीत हिंदू, ग्रीकांनी ‘ह’ गाळून केलं इंडोस, त्यावरून इंडिकोस आणि मग लॅटिन इंडिकस.

रोमन लिपीत लिहिताना देशाचं नाव म्हणून याचं पहिलं अक्षर मोठं करू नका. मोठं अक्षर फक्त प्रजातीला, तिरका ठसा दोन्ही शब्दांना. आणि म्हणताना ‘डि’ ऱ्हस्व, जोर ‘इं’वर.