दाखला हातात पडायच्या आधी: नववीतल्या पोरांना कामाचं वळण कसं लावावं

आठवीपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम १६ तसं सांगतं. खरी अडचण नववीत येते. दहावीचा निकाल शंभर टक्के लागावा म्हणून काही शाळा इथेच चाळणी लावतात आणि पालकांना गोड बोलून 'दाखला काढून घ्या' म्हणतात. मग ठाणे-नवी मुंबईकडच्या कळव्यातलं, दिघ्यातलं किंवा तुर्भ्यातलं पोर कुठेतरी पॅकिंगला चिकटतं आणि तिथेच राहतं. तुम्ही शिक्षक असा, संस्थेचे कार्यकर्ते असा किंवा नुसते शेजारचे काका-मावशी, हात घालायचा तो दाखला निघायच्या आधी.

सुरुवातीला मुख्याध्यापकांना भेटा आणि कामाचं वळण लावायच्या या वर्गासाठी आठवड्यातल्या दोन दुपारी मागून घ्या. सहा-आठ जणांचाच गट करा. सगळी 'वाया गेलेली' एकत्र बसवली तर त्या वर्गाला लगेच नाव पडतं, म्हणून एक-दोन बऱ्यापैकी चालणारी मुलंही घ्या. मुलींची वेळ त्यांच्या आईला विचारून ठरवा. बऱ्याच जणींवर धाकट्या भावंडाला सांभाळायची पाळी असते.

पहिल्या दिवशी भाषण नको. घरच्या कामात कोण काय हातभार लावतं ते विचारा. ठाण्याच्या जांभळी नाक्यावर बापाच्या विक्रीच्या गाडीवर बसणाऱ्याला तोंडी हिशेब येतोच. त्याचं कौतुक थोडक्यात आटपा आणि तोच हिशेब वहीत उतरवायला लावा. चार रकाने पुरेत: माल, विक्री, उधारी, शिल्लक.

पुढचे तीन-चार आठवडे फक्त खाड्यावर घालवा. कामावर खाडा चालून जातो, न सांगता केलेला चालत नाही. एकाला सुपरवायझर करा, दुसऱ्याला फोन लावायला सांगा. सुरुवातीला पोरं 'आज येत नाय' म्हणून फोन ठेवतात. नाव, कारण एका वाक्यात, परत कधी येणार आणि हातातलं काम कुठवर आलंय, एवढं अर्ध्या मिनिटात बसेपर्यंत घोटून घ्या. त्याच पद्धतीने सूचना ऐकायला शिकवा: 'लाल झाकणाच्या बरण्या वरच्या कप्प्यात, फुटक्या वेगळ्या, मोजून मला सांग.' पोर मान डोलावेल. लगेच तेच परत म्हणायला लावा. 'परत सांगता का?' हे न लाजता विचारता आलं तरी मोठी मजल मारली.

उलट उत्तर न देण्याचा सराव सगळ्यांत अवघड, कारण यातली बरीच पोरं उलट उत्तरापायीच मुख्याध्यापकांच्या केबिनबाहेर उभी असतात. सुपरवायझर ओरडला तर आधी 'दाखवा, कुठे चुकलं' म्हणायचं. पण मारहाण झाली किंवा पैसे बुडवले तर सोसायचं नाही. घरी सांगायचं, १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला फोन करायचा, हेही त्याच दिवशी सांगा.

बायोडेटा राहू द्या. पंधराव्या वर्षी त्यात लिहायला असतं काय?

मग एखादं गॅरेज, बेकरी किंवा झेरॉक्सचं दुकान दाखवायला न्या. दाखवायलाच, राबवायला नव्हे. चौदाच्या आतल्यांना कामाला ठेवणं हा गुन्हा आहे. चौदा ते अठरा वयाच्यांना धोक्याचं काम देता येत नाही. एरवीच्या कामातही विश्रांती धरून दिवसाचे सहा तास ही मर्यादा आहे, आणि संध्याकाळी ७ ते सकाळी ८ पर्यंत काम पूर्ण बंद. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या केमिकल कारखान्यांच्या वाटेला तर जाऊच नका.

याच दिवसांत पुढची वाट दाखवून ठेवा. आयटीआयच्या काही ट्रेडना आठवी पास किंवा दहावी नापासही चालतो. शाळा सुटलीच तर सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी देता येते. त्यासाठी मूळ दाखला लागतो, म्हणून तो आधारशी ताडून पाहा. नावाचं स्पेलिंग किंवा जन्मतारीख जुळत नसेल तर मूल शाळेच्या पटावर आहे तोवरच दुरुस्ती करून घ्या. दाखला निघाल्यावर तेच काम फार किचकट होतं.