चवथीच्या जुन्या व्हिडिओंसाठी ड्राइव्ह कोणता घेतला

फोंड्याच्या घरच्या मिनी-डीव्ही (जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्याच्या छोट्या) कॅसेट डिजिटल करून घेतल्या. चवथ (गणेशचतुर्थी), मुंजी, माटोळीला म्हणजे गणपतीवरच्या फळापानांच्या मांडणीला बेडे (सुपाऱ्या) आणि कांगलां (रानफळं) बांधणारे काका, सगळं त्यात आहे. पण एडिटिंगला बसलं की टाइमलाइन अडकायची. लॅपटॉप बदल, असं सगळे सांगत होते.

आधी हिशेब केला. डीव्ही फाइल तासाला साधारण 13 जीबी जागा घेते, म्हणजे सेकंदाला जेमतेम 3.6 एमबी. एवढा वेग साधी हार्ड डिस्कही देते. खरी अडचण होती ती एकाच डिस्कवर मूळ क्लिप, कॅशे (एडिटिंगच्या तात्पुरत्या फाइल) आणि एक्सपोर्ट (तयार व्हिडिओ) असण्याची. डिस्कचं वाचणारं-लिहिणारं हेड तिन्हींसाठी सारखं इकडून तिकडे धावतं आणि त्यातच वेळ जातो. एसएसडीत, म्हणजे चिपवर साठवणाऱ्या ड्राइव्हमध्ये, हलणारा भागच नाही. 1 टीबीचा पोर्टेबल एसएसडी घेतला, हबमधून न जोडता थेट यूएसबी 3 पोर्टला लावला आणि अडकणं थांबलं.

ड्राइव्हचा फॉरमॅट, म्हणजे त्यावर फाइल मांडायची पद्धत, हीही बघा. एफएटी32 वर 4 जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही. मी एक्सफॅट ठेवलं, कारण भाचीकडे मॅक आहे आणि हा फॉरमॅट विंडोज आणि मॅक दोन्हींवर चालतो. मात्र कॉपी चालू असताना केबल निघाली किंवा वीज गेली तर एक्सफॅट बिघडू शकतं, म्हणून इजेक्ट केल्याशिवाय काढायचं नाही.

जुनी हार्ड डिस्क आता फक्त बॅकअपला, पावसाळ्यात सिलिका जेल घालून हवाबंद डब्यात. दुसरी प्रत मडगावला बहिणीकडे. कॅसेटही टाकल्या नाहीत, पण त्यांना बुरशी लवकर धरते, तेव्हा तुमच्या अजून कपाटात असतील तर डिजिटल करण्याचं काम पुढच्या पावसाआधी उरकाच.