लिनक्सच्या अपग्रेडनंतर बिघाड नेमका कुठे आहे, हे कसे शोधावे

इंदूरच्या रामबागेतील आमच्या वाचनालयाच्या संगणकावर उबुंटू २२.०४ (लिनक्स या संगणकप्रणालीच्या एका प्रकाराची आवृत्ती) होते. मे महिन्यातील एका दुपारी २४.०४ वर जाण्याचे काम अर्ध्यावर असताना वीज गेली आणि संगणक पुन्हा सुरू केल्यावर काळ्या पडद्याखेरीज काहीच दिसेना. अशा वेळी सगळे पुसून नव्याने बसवण्याचा सल्ला लगेच मिळतो. परंतु सभासदांच्या नोंदी आणि ग्रंथसूची त्याच डिस्कवर असतील, तर तो शेवटचा उपाय समजावा. खालील कमांड उच्चारानुसार देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करण्याच्या खिडकीत, त्या रोमन लिपीतच टाइप कराव्यात.

प्रथम जुना कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, वापरून पाहावा. संगणक सुरू होताना जुन्या बायोसवर (संगणक सुरू करणारी मूळ व्यवस्था) शिफ्ट दाबून ठेवल्यास, किंवा तिची नवी जागा घेणारे यूईएफआय असल्यास एस्केप दाबल्यास, कोणता कर्नल सुरू करायचा ते विचारणाऱ्या ग्रबचा मेनू दिसतो. त्यातील ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून मागील कर्नल निवडल्यावर संगणक नीट सुरू झाला, तर दोष बहुधा नव्या कर्नलमध्ये किंवा त्यासाठी तयार न झालेल्या ड्रायव्हरमध्ये (उपकरण चालवणारा प्रोग्रॅम) आहे आणि आपल्या फाइली सुखरूप आहेत. त्या लगेच पेनड्राइव्हवर उतरवून घ्याव्यात.

जुना कर्नलही चालला नाही, तर त्याच मेनूतील ‘रिकव्हरी मोड’मधून ‘रूट’ (सर्व अधिकार असलेले खाते) निवडावे. येथे डिस्क बहुधा केवळ वाचण्यासाठी जोडलेली असते. म्हणून ‘माउंट -ओ रिमाउंट,आरडब्ल्यू /’ ही कमांड आधी द्यावी, नाहीतर पुढची प्रत्येक दुरुस्ती नाकारली जाईल. नंतर ‘डीएफ -एच’ने जागा तपासावी, कारण कर्नल ठेवण्याचे ‘बूट’ हे डिस्कवरील स्वतंत्र विभाजन जुन्या कर्नलांनी भरले असल्यास नवा कर्नल अर्धवटच बसतो. जागा असल्यास ‘डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ चालवावी. वीज गेल्यामुळे अर्धवट राहिलेली पॅकेजे (बसवायच्या सॉफ्टवेअरचे संच) तिने मार्गी लागतात. त्यानंतर ‘ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल’. ही कमांड होकार मागते, तेव्हा काढून टाकायच्या पॅकेजांची यादी पूर्ण वाचावी आणि तीत ‘उबुंटू-डेस्कटॉप’ (डेस्कटॉपचे मुख्य पॅकेज) दिसले तर नकार द्यावा. घाईने दिलेला होकार मूळ बिघाडापेक्षा अधिक नुकसान करतो, म्हणून हे मी आग्रहाने सांगतो.

पडदा तरीही काळाच राहिला, तर ग्राफिक्सकडे वळावे. ग्रबमध्ये ‘ई’ दाबून ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी ‘नोमोडसेट’ (पडद्याची मांडणी कर्नलला ठरवू न देणारा पर्याय) लिहावे आणि एफ१० दाबावे. हा बदल त्या एका वेळेपुरताच असतो. एनव्हिडियाचे कार्ड असल्यास नंतर ‘ॲडिशनल ड्रायव्हर्स’मधून ड्रायव्हर पुन्हा बसवावा. अपग्रेड करताना उबुंटूबाहेरची सॉफ्टवेअर-भांडारे बंद केली जातात, त्यामुळे तेथून घेतलेली पॅकेजे जुन्याच आवृत्तीवर अडकलेली असू शकतात.

आवाजाचे कारण वेगळे असते. २२.०४ मध्ये आवाजाचे काम पल्सऑडिओ हा प्रोग्रॅम करत असे, २२.१० पासून ते पाइपवायर या दुसऱ्या प्रोग्रॅमकडे आले आहे. आवाज नसेल तर ‘सिस्टमसीटीएल --यूझर रीस्टार्ट पाइपवायर पाइपवायर-पल्स वायरप्लम्बर’ ही कमांड पुरेशी होते का, ते पाहावे.

लॉगिननंतर विचित्र वागणूक दिसत असेल, तर एक नवा वापरकर्ता तयार करून तेथे तीच कृती करावी. नव्या खात्यात सर्व ठीक चालले, तर दोष आपल्या जुन्या सेटिंगमध्ये आहे. तेथेही तेच घडले, तर ‘जर्नलसीटीएल -बी -पी एर्र’ने या वेळच्या त्रुटी वाचाव्यात.

मराठी टंकलेखनाकडे मात्र इंदूरमध्ये विशेष लक्ष द्यावे लागते, कारण येथे एकाच संगणकावर हिंदी आणि मराठी दोन्ही चालतात. कीबोर्डच्या सेटिंगमधील ‘इनपुट सोर्सेस’मध्ये मराठी आहे का, ते पाहावे, एम१७एन या बहुभाषिक टंकलेखन-संचाची मांडणी वापरत असाल, तर ‘आयबस-एम१७एन’ हे पॅकेज शिल्लक आहे का, तेही तपासावे. लिबरऑफिस या लेखन-सॉफ्टवेअरचे प्रोफाइल (सेटिंगचा संच) नव्याने तयार झाले असेल आणि मजकुराची भाषा हिंदी नोंदली गेली असेल, तर अक्षरांची हिंदी आणि मराठी दोन्ही वळणे असलेल्या फॉन्टमध्ये ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाने उमटतात. अक्षरे बिघडली असे वाटून फॉन्ट बदलण्याआधी ‘टूल्स’मधील ‘ऑप्शन्स’मध्ये जाऊन कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउटची (देवनागरीसारख्या लिप्यांसाठीची सोय) भाषा मराठी करावी आणि जुन्या मजकुराची भाषा तो निवडून वेगळी बदलावी.

छपाई, आवाज आणि टंकलेखन चारआठ दिवस सुरळीत चालेपर्यंत ‘ॲप्ट ऑटोरिमूव्ह’ चालवू नये, कारण जुने कर्नल तीच कमांड काढून टाकते.