मंडळीच्या ज्येष्ठ सेवकाचा स्मरणलेख कसा लिहावा

मंडळीच्या, म्हणजे स्थानिक ख्रिस्ती समाजाच्या, एखाद्या जुन्या पंचांचे (कारभार पाहणाऱ्या निवडलेल्या सदस्याचे), पाळकांचे (धर्मगुरूंचे) किंवा महिला मंडळाच्या अध्यक्षांचे निधन झाले की, स्मरणसभेत वाचण्यासाठी त्यांच्या जीवनाचा आढावा लिहून द्यावा अशी विनंती घरचे लोक कोणाला तरी करतात. आणि हाताशी वेळ थोडा असल्याने बहुतेक वेळा पदांची यादी, चार विशेषणे आणि बायबलमधील एक वचन एवढ्यावरच तो लेख उभा राहतो. ज्यांनी उभी हयात लोकांसाठी खर्ची घातली त्यांच्यावर हा अन्याय आहे, असे मला मनापासून वाटते. पद मंडळीने दिलेले असते. त्या पदावर बसून केलेले काम मात्र त्या व्यक्तीचे स्वतःचे असते, आणि लेखात तेच दिसले पाहिजे. पुढील सूचना अहिल्यानगर जिल्ह्यातील प्रॉटेस्टंट मंडळ्या डोळ्यांपुढे ठेवून लिहिल्या आहेत. वसईच्या कॅथलिक धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) त्या थोड्या फरकाने लागू पडतील.

आधी तारखा पक्क्या कराव्यात. जुन्या पिढीतील पुष्कळांची जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावर १ जून अशी आढळते, कारण जूनमध्ये शाळेत नाव घालताना गुरुजींनी अंदाजाने ती लिहिलेली असे. म्हणून मंडळीच्या दप्तरातील बाप्तिस्म्याची नोंदवही उघडून पाहावी. बाळपणी बाप्तिस्मा झालेला असेल तर त्या ओळीत जन्मदिनांक, आईवडिलांची नावे, गाव आणि पाळकांची सही सहसा मिळते, आणि ती तारीख दाखल्यापेक्षा अधिक भरवशाची असते. कुटुंबाने मोठेपणी बाप्तिस्मा घेतला असेल तर तिथेही वय अंदाजानेच लिहिलेले असण्याचा संभव असतो. अशा वेळी केवळ वर्ष द्यावे, दिवस देऊ नये.

संस्थांची नावे त्या त्या काळाची असावीत. अमेरिकन मराठी मिशनचे काम १८१३ साली मुंबईत आणि १८३१ साली अहमदनगरात सुरू झाले. त्यातून उभ्या राहिलेल्या मंडळ्या १९२४ मध्ये युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडियात आल्या, आणि ते चर्च व इतर काही चर्च एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची (सीएनआय) स्थापना २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे झाली. तेव्हा १९६२ साली पंच झालेल्या व्यक्तीला ‘सीएनआयचे पंच’ म्हणणे चूक ठरते. पंच कमिटीच्या इतिवृत्ताची वही, मंडळीच्या शतकमहोत्सवी स्मरणिका आणि १८४२ पासून निघत आलेल्या ‘ज्ञानोदय’ या ख्रिस्ती नियतकालिकाचे जुने अंक यांतून अशा गोष्टी ताडून पाहता येतात.

खरे काम यापुढे आहे, आणि सर्वांत जास्त वेळ त्यालाच द्यावा. घरच्यांकडून आणि मंडळीतल्या लोकांकडून माहिती घ्यावीच, परंतु मंडळीबाहेरच्या निदान दोघा-तिघांना तरी भेटल्यावाचून लिहायला बसू नये. शेजारचे मुस्लिम दुकानदार, वस्तीवरची एखादी आजी, दवाखान्यातील जुने कंपाउंडर, वसतिगृहात राहून शिकलेला विद्यार्थी यांनी पाहिलेला माणूस पुष्कळदा उपासनेत दिसणाऱ्या माणसापेक्षा अधिक भरीव असतो. त्यांना ‘ते कसे होते?’ असे विचारल्यास ‘देवमाणूस होते’ एवढेच उत्तर येते. त्याऐवजी ‘तुम्ही त्यांच्याकडे कोणत्या कामासाठी गेला होता, आणि त्यांनी मग काय केले?’ असे विचारावे, आणि मध्ये न बोलता ऐकावे. समजा, एखाद्या आजींनी सांगितले की १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या बायांची मजुरी अडली तेव्हा पंचसाहेब सायकलीवरून कामावर आले, मस्टरवरची नावे एकेक करून वाचायला लावली आणि राहिलेली नावे अर्जात लिहून तो अर्ज स्वतः तहसील कचेरीत नेऊन दिला. असा प्रसंग मिळाला की ‘गोरगरिबांचे कैवारी’ हे शब्द खोडून टाकावेत आणि त्या जागी प्रसंगच लिहावा.

जामखेडचे डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांचे उदाहरण येथे उपयोगी पडेल. १९७० साली त्यांनी तेथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला आणि १९७९ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, ही माहिती कोठेही सापडते. परंतु त्यांच्या श्रद्धेने प्रत्यक्षात काय घडवले हे कळते ते त्यांनी तयार केलेल्या खेड्यांतील आरोग्यसेविकांकडे पाहिल्यावर, कारण त्यांतील कित्येकजणी निरक्षर होत्या आणि तरीही गावातील बाळंतपणे आणि मुलांची आजारपणे त्या सांभाळू लागल्या.

पाळकांवर लिहिताना पाळकबाईंचे काम वेगळे आणि नावानिशी नोंदवावे. शब्बाथ शाळा (मुलांचा रविवारचा धर्मशिक्षणाचा वर्ग) चालवणे, बाळंतिणीकडे जाणे, अवेळी आलेल्या पाहुण्यांची भाकरी थापणे हे सारे ‘सहधर्मचारिणीची मोलाची साथ’ या एका वाक्यात गुंडाळण्याची आपली सवय चांगली नाही.

मंडळीच्या निवडणुका, जमिनीचे वाद, कोर्टकज्जे यांपासून दीर्घकाळ नेतृत्व केलेली व्यक्ती क्वचितच अलिप्त राहते. वादाने त्यांच्या सेवेला वळण दिले असेल तर तो एका संयत वाक्यात सांगावा, विरुद्ध बाजूच्या कोणाचे नाव घेऊ नये, आणि वाद झालाच नाही असेही भासवू नये, कारण सभेत बसलेल्या निम्म्या लोकांना तो ठाऊक असतो.

लेख वाचायला पाच-सहा मिनिटांहून अधिक लागू नयेत. आरंभ कामाच्या प्रसंगाने करावा, जन्म आणि शिक्षण दुसऱ्या परिच्छेदात घ्यावे, मागे राहिलेल्या आप्तांची नावे शेवटी द्यावीत. वचन निवडताना तीमथ्याला दुसरे पत्र ४:७ (सुयुद्ध केले, धाव संपवली, विश्वास राखला, हे वचन) याकडे लगेच वळू नये; त्यांचे स्वतःचे बायबल घरच्यांकडून मागून घ्यावे आणि पेन्सिलीने खूण केलेल्या ओळी पाहाव्यात.

सभेपूर्वी संपूर्ण मजकूर घरातील वडीलधाऱ्यांना वाचून दाखवावा आणि नावे, नाती तपासून घ्यावीत. सभेनंतर त्याची एक प्रत, कोणी काय सांगितले याच्या टिपणासह, मंडळीच्या दप्तरात ठेवावी. जोडलेल्या छायाचित्रांमागे त्यांतील माणसांची नावे, ओळखणारी माणसे हयात आहेत तोवरच, लिहून घ्यावीत.